मोंढ्याच्या साइटला कुलूप लावण्याआधी

सौदा चालू असताना लातूरच्या मोंढ्यात कोणाला सर्व्हरची आठवण यायला नको. म्हणून साइटला एचटीटीपीएसचं कुलूप, म्हणजे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट लावायचं हे काम मोंढा बंद असेल त्या दिवशी काढ.

आधी डीएनएस बघ, म्हणजे साइटचं नाव कोणत्या सर्व्हरच्या पत्त्यावर जातं ती नोंद. डोमेनचा ए रेकॉर्ड (आयपीव्ही 4 पत्ता) बरोबर असतोच, घोळ क्वाड-ए मध्ये (आयपीव्ही 6 पत्ता) असतो. जुन्या होस्टिंगचा आयपीव्ही 6 पत्ता तिथं तसाच पडलेला असला की लेट्स एन्क्रिप्ट डोमेन आपलंच आहे का याच्या पडताळणीला आधी तिकडंच जातं, आणि तू इकडं तासभर कॉन्फिग उकरत बसतोस. नावं दोन्ही घे, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि बिगर. एचटीटीपीएसचं पोर्ट 443 उघडशीलच, पण साध्या एचटीटीपीचं 80 बंद करू नको. आपली पडताळणी त्याच दारानं येते. चाचण्या सगळ्या स्टेजिंगवर, म्हणजे लेट्स एन्क्रिप्टच्या सरावाच्या सर्व्हरवर कर. खरं सर्टिफिकेट त्याच नावांसाठी आठवड्यात 5 वेळाच मिळतं.

एनजिनएक्सला (साइट दाखवणारा वेब सर्व्हर) फुलचेन फाइल दे, म्हणजे आपलं आणि त्याच्या वरचं मधलं अशी दोन्ही सर्टिफिकेटं असलेली. मधलं सर्टिफिकेट राहिलं तर तुझ्या लॅपटॉपवर साइट झकास चालते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर अडते. प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) रूटच्या, म्हणजे मुख्य खात्याच्या मालकीची, परवानगी 600, फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही, मालकांनी मागितली तरी. टीएलएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीच्या आवृत्त्या 1.2 आणि 1.3 तेवढ्या ठेव. आधीच्या दोन, 1.0 आणि 1.1, 2021 मध्येच मोडीत निघाल्या.

खरी मेख नूतनीकरणात आहे. सर्टिफिकेटची मुदत 90 दिवसांची, ते आणणारा प्रोग्रॅम सर्टबॉट साधारण 30 दिवस उरले की आपोआप नवं आणतो. एकदा मीच फसलो. नवं सर्टिफिकेट डिस्कवर येऊन पडलं होतं, पण एनजिनएक्स रीलोडच झाला नाही. मेमरीतलं जुनंच दाखवत राहिला. ऐन सोयाबीनच्या हंगामात सकाळी सकाळी आडतदार काकांचा फोन, "अरे, भाव बघायला गेलं की धोका धोका म्हणतंय, आपलं दुकान बुडालं का काय?" तेव्हा रीलोडचा डिप्लॉय हुक, म्हणजे नवं सर्टिफिकेट आलं की सर्टबॉट आपोआप चालवेल ती कमांड, लावल्याशिवाय उठू नको. आणि तारीख फाइलमधली नाही बघायची. ओपनएसएसएल या कमांडनं बाहेरून 443 ला जोडून सर्व्हर प्रत्यक्ष काय दाखवतो ते बघ. मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टनं 2025 मध्ये बंद केलेत, म्हणून पहाऱ्याची एक स्क्रिप्ट आपलीच लाव.

एचएसटीएसला (ही साइट फक्त एचटीटीपीएसनंच उघड, हा ब्राउझरला दिलेला हुकूम) घाई नको. आठवडाभर त्याची मुदत 300 सेकंद ठेव, सगळं सुरळीत दिसलं तरच 31536000, म्हणजे एक वर्ष. ब्राउझरनं वर्षभराचं मनावर घेतलं की त्याला समजावता येत नाही.

जुना फोनही तपास. अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीचे फोन लेट्स एन्क्रिप्टचं मूळ सर्टिफिकेट ओळखत नाहीत. हमालांपैकी कोणाकडं तसला असेल तर पूर्वी त्याला फायरफॉक्स टाकून भागायचं, आता नवं फायरफॉक्स एवढ्या जुन्या फोनवर चालत नाही.

राहिला मुनीमजींचा कॉम्प्युटर. त्याच्या बोर्डवरचा सेल मेलाय. लाइट गेली की तारीख कैक वर्षं मागं जाते, आणि ब्राउझरला आपलं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं दिसत नाही. जाताना एक बटण सेल खिशात टाक.