रीपरमध्ये रेकॉर्डिंग, फक्त कळफलक आणि कानांवर

मिरजेत तंबोऱ्याची जवारी बिघडली तर सतारमेकर गल्लीत जाऊन नीट करून आणता येते. रेकॉर्डिंगचं मात्र अडतं. दृष्टिहीन गायक-वादकाला कुणाचा तरी माउस लागतो, आणि माउसवाला घरी गेला की काम थांबतं. ते थांबायचं कारण नाही. विंडोजचा संगणक, माइक, तो संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, पडद्यावरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याला बोलतं करणारं ओसारा एवढ्यावर अख्खा अभंग एकट्याने रेकॉर्ड होतो. एनव्हीडीए आणि ओसारा फुकट आहेत. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं, पुढे वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो.

आधी एनव्हीडीए, मग रीपर, शेवटी ओसारा या क्रमाने घाला. ओसारा घालताना रीपर बंद हवं. मध्ये एक प्रश्न येतो: रीपरचा कीमॅप (कोणती कळ काय करते ती यादी) बदलून ओसाराचा घ्यायचा का? हो म्हणा. नाही म्हटलंत तर खाली दिलेल्या कळा वेगळंच काहीतरी करतील. झालं की रीपर उघडा, कंट्रोल+टी दाबून ट्रॅक बनवा आणि वर-खाली बाण फिरवा. ट्रॅकचं नाव ऐकू आलं तर सगळं जागेवर आहे. नुसती शांतता असेल तर ओसारा बसलेलं नाही. कोणती कळ काय करते याची शंका असेल तेव्हा एफ१२ दाबा आणि मग ती कळ दाबा. काम होणार नाही, फक्त नाव सांगितलं जाईल. पुन्हा एफ१२ दाबून बाहेर या. पहिला आठवडा हेच करत बसलात तरी वेळ वाया गेला असं समजू नका. एनव्हीडीएला मराठी आवाज आहे, पण रीपरचे मेनू इंग्रजी, तेव्हा काम करताना इंग्रजी आवाजच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण नेमकं हेच शेवटी करतात: एनव्हीडीएचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगळ्या वाटेने न्या. दोन्ही एकाच हेडफोनमध्ये आले तर आलाप चालू असताना कानात ‘ट्रॅक टू’ ऐकू येतं आणि सूर हलतो. काही ऑडिओ इंटरफेसचे असिओ ड्रायव्हर (इंटरफेस रीपरशी थेट जोडणारं सॉफ्टवेअर) तर कार्ड एकट्या रीपरसाठी धरून ठेवतात, मग एनव्हीडीए मुकाच होतो आणि संगणक अडकला असं वाटतं. म्हणून एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ विभागात जाऊन आउटपुट लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डवर ठेवा. रीपरमध्ये कंट्रोल+पी, ऑडिओ, डिव्हाइस या वाटेने असिओ आणि तुमचा इंटरफेस निवडा. लॅपटॉपला वायरचा इअरफोन लावून एकच बाजू एका कानात घाला आणि त्यावरून इंटरफेसचा बंद कपांचा हेडफोन चढवा. एनव्हीडीएसाठी ब्लूटूथ नको, शब्दाचं पहिलं अक्षर खातं. उघड्या कपांचा हेडफोनही नको, त्यातला ठेका माइकमध्ये शिरतो आणि मागाहून काढता येत नाही.

टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) चालू असताना पूर्ण शांतता हवी असेल तर एनव्हीडीए की (साधारणपणे इन्सर्ट) आणि एस दाबत बोलण्याचा प्रकार बदला. टेक संपल्यावर आवाज परत चालू करायला विसरलात की पुढची दहा मिनिटं कळा बडवण्यात जातात. विंडोजचे सूचनांचे आवाज कायमचे बंद ठेवा आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर टेकच्या मधोमध मेसेज वाजतो.

इंटरफेसवरची गेनची, म्हणजे माइकची पातळी ठरवणारी, बटणं गुळगुळीत असतात. बटणाच्या कडेला एम-सीलचा तांदळाएवढा दाणा आणि त्याच्यासमोर इंटरफेसवर दुसरा दाणा चिकटवा. दोन्ही समोरासमोर आले की कालची पातळी आज बोटांनी सापडते. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम (इंटरफेसमधून माइकला मिळणारी वीज) चालू हवा. माइक बोलत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारी पुष्कळ वेळा इथेच मिटतात.

प्रोजेक्ट आधी सेव्ह करा, रेकॉर्ड नंतर. कंट्रोल+एसच्या खिडकीत टॅबने फिरत गेलात की प्रोजेक्टसाठी वेगळा फोल्डर बनवण्याचा चौकोन येतो, त्यावर खूण करा. नाहीतर सगळ्या गाण्यांच्या फायली एकाच फोल्डरमध्ये कोंबल्या जातात आणि सहा महिन्यांनी नावांवरून काही कळत नाही. ट्रॅकला एफ२ने नाव द्या: तंबोरा, पेटी, दायाँ, बायाँ, आवाज. कंट्रोल धरून ॲप्लिकेशन्स की दाबली की त्या ट्रॅकचा इनपुट मेनू येतो, तिथे माइक कुठल्या क्रमांकात लावला आहे ते निवडा. बऱ्याच लॅपटॉपवर ही कळ नसते, त्यामुळे साधा पूर्ण आकाराचा यूएसबी कीबोर्ड घेणं बरं.

एफ७ने ट्रॅक रेकॉर्डसाठी तयार होतो, एफ८ने रेकॉर्ड होताना ऐकू येण्याचा प्रकार बदलतो. आवाज दोनदा, जरा मागेपुढे ऐकू येत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर आणि रीपरचं मॉनिटर दोन्ही चालू आहेत. एक बंद करा. बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल हाताळतो तो आकडा) रेकॉर्डिंगला १२८ किंवा २५६, मिक्सिंगला १०२४. सॅम्पल रेट ४८०००, बिट डेप्थ २४.

पातळी डोळ्यांनी पाहायची नसल्यामुळे ओसाराचं पीक वॉचर लागतं. एफ४ने ॲक्शन लिस्ट उघडा, शोधाच्या जागी ‘पीक वॉचर’ इंग्रजीत टाइप करा आणि चालवा. त्यात मर्यादा ठरवून दिली की पातळी तिच्यावर गेल्याबरोबर सांगितलं जातं. गाण्याचा सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. तपासताना तारसप्तकातली तान घ्या, गुणगुणून पाहू नका. प्रत्यक्षात प्रत्येक जण तपासणीपेक्षा जोरात गातो. कळ आठवत नसेल त्या प्रत्येक कामाला हीच ॲक्शन लिस्ट कामी येते.

तालाची एक सोय फार कमी लोक वापरतात. ऑल्ट+एंटरने प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जा आणि टाइम सिग्नेचरचा वरचा आकडा तालाच्या मात्रांएवढा करा, खालचा ४ ठेवा. भजनी किंवा केरव्याला ८/४, रूपकाला ७/४, झपतालाला १०/४, तीनतालाला १६/४. आता पेज डाउन एकदा दाबलं की कर्सर बरोबर एक आवर्तन पुढे, पेज अप एक आवर्तन मागे. मेट्रोनोमचा ठळक ठोकाही समेवरच पडतो. हे चालतं ते मेट्रोनोमवर वाजवलं असेल तरच. भजनी मंडळाची लय शेवटी चढते, तिथे मेट्रोनोम लादू नये. अशा वेळी अंतरा सुरू होईल तिथे मार्कर टाका आणि मार्करांवर उड्या मारा.

तंबोऱ्याला माइक घोडीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर, किंचित भोपळ्याकडे. जवळ नेलात तर जवारीची झणझण जाऊन बोटाचा घासणारा आवाज राहतो. पेटीचा माइक भात्यापासून लांब, सुरांच्या बाजूला, अर्ध्या मीटरवर. गायकाने माइकपासून वीतभर अंतर ठेवावं आणि मध्ये पॉप फिल्टर लावावा. अंतर मापायला हाताची वीत पुरते, आणि ती प्रत्येक टेकला सारखीच असते.

रेकॉर्ड आर, थांबवायला स्पेस. मूळ रीपरमध्ये आरचं काम वेगळं आहे, म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर बसलात तर आधी एफ१२. एक ओळ चुकली तर पूर्ण गाणं परत गाऊ नका. चुकीच्या जागेच्या सुरुवातीला डावा चौकोनी कंस, शेवटी उजवा चौकोनी कंस दाबून तेवढा भाग निवडा, ॲक्शन लिस्टमधून टाइम सिलेक्शन ऑटो पंच लावा, दोन आवर्तनं मागे जा आणि रेकॉर्ड करा. आधीपासून गात या. नवं रेकॉर्ड फक्त निवडलेल्या भागातच होईल. जुना टेकही तसाच राहतो, टी दाबत आळीपाळीने ऐकता येतो. काम झालं की रेकॉर्ड मोड परत साधा करा. पुढचं गाणं रेकॉर्डच होत नाही, याचं हे नेहमीचं कारण.

कापायला एस. कापलेला तुकडा काढल्यावर पुढचं सगळं सरकलं तर रिपल एडिटिंग चालू आहे. कंट्रोल+झेडने मागे या आणि ते बंद करा. इफेक्टसाठी एफ, पण अनेक प्लगइनच्या (इफेक्ट देणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) खिडक्या स्क्रीन रीडरला मुक्या असतात. तिथे पी दाबून पॅरामीटरची यादी उघडा आणि आकडे बाणांनी बदला. रीपरसोबत येणारे रीईक्यू (आवाजातले जाड-बारीक पट्टे कमीजास्त करणारा) आणि रीकॉम्प (आवाजाचा चढ-उतार आवळणारा) आधी शिकून घ्या. आवाजावर ८० हर्ट्झखालचं कापलं की रस्त्यावरची घरघर बरीच जाते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी मात्र कुठल्याच फिल्टरने जात नाहीत, त्याला रात्री अकरानंतर बसणं हाच उपाय.

सतत जाड गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर घराच्या अर्थिंगमध्ये दोष असू शकतो. वायरमन बोलवा आणि तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय टेक सुरू करू नका, आणि रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये (कंट्रोल+पी) दर ५ मिनिटांनी बॅकअप लावून ठेवा.

थोडं दिसत असेल त्यांनी विंडोज की आणि अधिक चिन्हाने मॅग्निफायर चालू करावा, कंट्रोल+ऑल्ट+आयने रंग उलटतात. तरी संपादन कळांनीच करा. मोठ्या केलेल्या पडद्यावर कर्सर शोधण्यात डोळे दमतात.

शेवटी कंट्रोल+ऑल्ट+आरने रेंडर, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून गाण्याची एक फाइल. मूळ प्रत २४ बिट वेव्ह, वाटायला ३२० केबीपीएस एमपी३. रेंडर करताना ‘पूर्ण प्रोजेक्ट’ निवडलं आहे ना ते ऐका, नाहीतर पंचसाठी निवडलेली तेवढी ओळच फाइलमध्ये येते. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा.