लढाऊ विमानाचा हायड्रॉलिक अ‍ॅक्च्युएटर हलका आणि भरवशाचा कसा करावा: सोलापूरच्या कारखानदारांसाठी

उसाच्या ट्रॉलीचा जॅक किंवा साखर कारखान्यातील हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या चिंचोलीच्या अथवा अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्याला विमानाच्या अ‍ॅक्च्युएटरचे मूळ तत्त्व नवे नाही: तेलाच्या दाबाने पिस्टन ढकलून विमानाचे हलते भाग हलवणे. फरक असा की जॅकमध्ये शंका आली तर पोलाद वाढवता येते; विमानात तशी सोय नाही.

सुरुवात जोराच्या हिशोबाने करावी. ५० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन २१० बार दाबाला सुमारे ४१ किलोन्यूटन जोर देतो, आणि ३५० बारला तेवढ्याच जोरासाठी ३९ मिलिमीटर व्यास पुरतो. लष्करी व्ही-२२ आणि प्रवासी ए३८० या विमानांत साधारण ३५० बारचा दाब वापरला जातो तो याच कारणासाठी. मात्र सिलिंडरची भिंत यामुळे फारशी हलकी होत नाही, कारण दाब वाढला की जाडीही वाढवावी लागते आणि तेवढ्याच जोरासाठी भिंतीचे वजन जवळपास तेच राहते. खरी बचत तेलात, नळ्यांत, टाकीत आणि अ‍ॅक्च्युएटर बसवायला लागणाऱ्या जागेत होते. भिंत तासून ग्रॅम वाचवण्याचा मोह म्हणूनच टाळावा. अ‍ॅक्च्युएटरला कामाच्या दाबाच्या दीडपट चाचणी सोसावी लागते आणि अडीचपटीपर्यंत तो फुटता कामा नये.

टायटॅनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी जास्त असल्याने ते आकर्षक वाटते. परंतु त्याची ताठरता पोलादाच्या निम्म्याच्या आसपास असल्यामुळे लांब, बारीक रॉड दाबाखाली लवकर वाकतो, शिवाय घासल्यावर ते चिकटून ओरखडे धरते. ते बाह्य भागासाठी वापरून रॉड उच्च ताकदीच्या पोलादाचा ठेवणे बऱ्याचदा शहाणपणाचे ठरते. अशा रॉडवर हार्ड क्रोम केल्यास हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा टाळण्यासाठी प्लेटिंगनंतर विनाविलंब तो भट्टीत तापवावा. टंगस्टन कार्बाइडचा एचव्हीओएफ फवारा (पूड तापवून अतिवेगाने पृष्ठभागावर मारण्याची पद्धत) हा त्याहून चांगला पर्याय आहे.

भरवसा मुख्यतः सीलवर ठरतो. लष्करी विमानांच्या प्रणालीत उणे ५४ ते अधिक १३५ अंश सेल्सियसपर्यंतचे तापमान गृहीत धरले जाते. थंडीत रबर कडक होते. उष्णतेत आणि दाबात ते फटीत ओढले जाऊन कुरतडले जाते. त्यामुळे ओ-रिंगच्या पाठीशी पीटीएफईची (टेफ्लॉनची) आधार देणारी बॅकअप रिंग द्यावी आणि फट कमीत कमी ठेवावी. रॉड आरशासारखा गुळगुळीत करणेही योग्य नाही, कारण तेलाचा पातळ थर टिकायला पृष्ठभागावर थोडी खरखर लागते. सीलचे रबर तेलानुसार निवडावे: ८३२८२ या लष्करी प्रतीच्या कृत्रिम हायड्रोकार्बन तेलात चालणारे नायट्राइल प्रवासी विमानांच्या फॉस्फेट एस्टर तेलात टिकत नाही.

नियंत्रक पृष्ठभागासाठी, म्हणजे विमान वळवणाऱ्या पंख-शेपटीवरील हलत्या फळ्यांसाठी, दोन स्वतंत्र तेलप्रणालींवर चालणारे जोडसिलिंडर घेतले जातात. तेथे दोन्ही कक्ष एकाच ठोकळ्यात कोरू नयेत. ते वेगळे बनवून बोल्टने जोडल्यास एकातील तडा दुसऱ्यात शिरत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार येथेच करावा. मोजमाप २० अंशांना धरले जाते. ४० अंशांच्या शेडमध्ये ५० मिलिमीटरचा पोलादी बोअर सुमारे साडेअकरा मायक्रॉनने वाढलेला असतो. पोलादी गेजने पोलाद मोजताना ही चूक बरीचशी मिटते, टायटॅनियम मोजताना सुमारे तीन मायक्रॉनचा फरक उरतो, आणि तेलाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हच्या स्पूलची (आत सरकणाऱ्या दांड्याची) फटच काही मायक्रॉनची असते. वातानुकूलित मापनकक्षात जॉब तासन्‌तास ठेवूनच मोजावा. जुळणीची खोली धूळमुक्त असावी, तेल गाळून भरावे आणि आडव्या छिद्रांतील बर (कडेला उरलेले धातूचे बारीक कंगोरे) भिंगाखाली तपासावेत, कारण सुटलेला एक कण स्पूल अडकवू शकतो.

भारतात लष्करी विमानांच्या भागांना सेमिलॅक या लष्करी उड्डाणयोग्यता संस्थेची मान्यता लागते आणि गुणवत्ता तपासणी डीजीएक्यूए हे संरक्षण खात्याचे महासंचालनालय करते. म्हणून धातूच्या प्रत्येक तुकड्याचा उष्णता क्रमांक (तो कोणत्या वितळीतून आला हे सांगणारा हीट नंबर), भट्टीचा आलेख आणि चाचणीची नोंद पहिल्या नमुन्यापासूनच जपावी. मागाहून ती तयार करता येत नाही.