गोव्यातल्या इमर्जन्सी नर्सिंग परिषदेला जायचंय? ड्युटीचं रोस्टर लागण्याआधी हे वाचा

"गोव्याला कॉन्फरन्स? मजा आहे बाई तुमची!" हे वाक्य ऐकल्याशिवाय कुठल्याच सिस्टरची रजा मंजूर होत नाही. मी गोव्यातच राहते, इथल्याच कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) नाईट करते, तरी मलाही ते ऐकावं लागतं. कोल्हापूर-बेळगावहून येणाऱ्यांचं तर विचारूच नका. सिंधुदुर्गातल्या मैत्रिणी दरवेळी फोन करून तेच विचारतात: रजा कशी मागायची, उतरायचं कुठे, आणि एवढे पैसे घालून उपयोग होतो का? होतो, पण रिकाम्या डोक्याने गेलात तर फक्त पिशवी आणि पेन घेऊन परत याल. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी स्वतःचा प्रश्न ठरवा

माहितीपत्रक उघडण्याआधी गेल्या महिन्याभरात आपल्या कॅज्युअल्टीत कुठे अडलं ते आठवा. ट्रायजला, म्हणजे कोण किती गंभीर हे ठरवायच्या टेबलावर, गर्दी झाली की आधी कोणाला आत घ्यायचं यावरून वाद होतात का? क्रॅश कार्टमधल्या (तातडीच्या सामानाच्या ट्रॉलीतल्या) लॅरिंगोस्कोपचा, म्हणजे घशात बघायच्या उपकरणाचा, दिवा ऐन वेळी लागत नाही का? नातेवाईक सिस्टरच्या अंगावर धावून येतात का? यातला एकच प्रश्न निवडा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

माझा प्रश्न दुसऱ्या रुग्णालयातून रेफर होऊन येणाऱ्या पेशंटचा होता. चिठ्ठीवर औषधाचं नाव असायचं, डोस असायचा, पण ते दिल्याची वेळ नसायची. विचारायला फोन लावावा तर तिकडची ड्युटी बदललेली. लकव्याच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. हृदयविकाराच्या झटक्यासाठी 'स्टेमी गोवा' प्रकल्पात असं इंजेक्शन लहान रुग्णालयातच देऊन पेशंटला पुढे बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेण्याची सोय आहे. असल्या कामात कागदावर वेळच नसेल, तर पुढची सिस्टर आंधळी कोशिंबीर खेळत बसते.

मग परिषद निवडा

नावात 'आंतरराष्ट्रीय' आहे म्हणून भुलू नका. समुद्रकिनाऱ्याच्या हॉटेलचा मोठा फोटो आहे, फी भरायचा क्यूआर कोड आहे, आणि वक्त्यांच्या जागी 'लवकरच जाहीर करू' लिहिलंय, असं दिसलं तर पैसे भरायची घाई नको. आयोजक कोण, कार्यक्रमपत्रिका तासवार दिली आहे का, आणि बोलणाऱ्यांत परिचारिका किती हे पाहा. इमर्जन्सीच्या डॉक्टरांची 'सेमी' ही संस्था दरवर्षी 'एमकॉन' भरवते. अशा डॉक्टरांच्या परिषदेत नर्सिंगची वेगळी कार्यशाळा आहे की आपण नुसतं मागच्या रांगेत बसायचं, हे आधी विचारून घ्या. १९०८ सालापासून चालत आलेल्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनची अधिवेशनं नर्सिंगच्या सगळ्या शाखांसाठी असतात. नोकरीच्या अटी आणि हक्कांची चर्चा ऐकायची असेल तर तिथे जरूर जा.

भाषणांत अमेरिकेतल्या इमर्जन्सी नर्सेस असोसिएशनचा उल्लेख हमखास येतो. ही संस्था १९७० ची. ट्रॉमा (गंभीर दुखापत) नर्सिंगचा 'टीएनसीसी' कोर्स तिचा, आणि पाच पायऱ्यांची 'ईएसआय' ट्रायज पद्धतही आता तीच सांभाळते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लाल, पिवळा, हिरवा एवढंच चालतं. वक्ता 'लेव्हल थ्री' म्हणाला की तो कुठल्या पट्टीत बोलतोय हे कळायला हवं, म्हणून जाण्याआधी अर्धा तास हे वाचून ठेवा.

क्रेडिट तासांचं आधीच पक्कं करा. परवान्याच्या नूतनीकरणासाठी भारतीय नर्सिंग कौन्सिलचं धोरण पाच वर्षांत १५० तास शिकण्याचं आहे, आणि दोन दिवसांच्या परिषदेचे तास त्यात धरले जातील का, हे राज्याच्या कौन्सिलच्या मान्यतेवर ठरतं. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्यांनी गोव्यातल्या परिषदेचे तास आपल्याकडे चालतील का, हे आयोजकांना ई-मेलवर विचारावं. तोंडी 'हो हो, मिळतील' याला काही अर्थ नसतो.

रजा

रोस्टर लागल्यावर रजा मागणं म्हणजे इन्चार्ज सिस्टरशी भांडण ओढवून घेणं. तारीख कळली की त्याच आठवड्यात अर्ज द्या. सोबत माहितीपत्रक आणि कार्यक्रमपत्रिका जोडा. सरकारी नोकरीत असाल तर इन्चार्ज, मेट्रन, मग सुपरिटेंडंट अशा क्रमानेच कागद वर जाऊ दे. अशा कामासाठी विशेष नैमित्तिक रजा किंवा ऑन ड्युटी मिळते का ते कार्यालयातल्या क्लार्कला विचारा. मेट्रनपेक्षा त्याला जास्त माहीत असतं, फक्त जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका.

आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "मॅडम, दोन दिवस जरा बाहेर जायचं होतं" असं पुटपुटण्यापेक्षा, "ट्रायजची कार्यशाळा आहे, आल्यावर सगळ्यांना दाखवीन" असं सरळ सांगा. आमच्या इन्चार्जने यावर चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "आणि तुझ्या दोन नाईट कोण करणार?" उत्तर तयार होतं, अदलाबदलीचा कागद दोघींच्या सह्यांनिशी पर्समध्येच होता. पुढे प्रश्न आला नाही.

परिषदेच्या आदल्या रात्री मात्र नाईट घेऊ नका. मी एकदा घेतली. सकाळी आठला सुटले, थेट सभागृहात गेले, आणि सेप्सिसवरचं (अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गावरचं) सगळं भाषण डोळे उघडे ठेवून झोपले. शेजारच्या सिस्टरने जागं केलं ते समोसा आल्यावर.

नोंदणी

लवकर नोंदणी केली की फी कमी पडते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण परिषदेच्या आदल्या दिवशीच्या कार्यशाळेची फी बहुतेक वेळा वेगळी असते आणि जागा मोजक्या असतात, हे खूप जणी विसरतात. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील आणि आयोजक परवानगी देत असतील, तर मी कार्यशाळा घेईन. भाषणं नंतर कुठेतरी ऐकता येतात, मॅनिकिन (सरावाचा पुतळा) घरी येत नाही.

फॉर्मवर नाव कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे तसंच लिहा. मी हौसेने लग्नानंतरचं नाव लिहिलं, रजिस्टरमध्ये माहेरचं. प्रमाणपत्र आलं, पण क्रेडिट तास अडकले. नाव दुरुस्त करून घ्यायला चार महिने आणि दोन प्रतिज्ञापत्रं लागली. नोंदणी क्रमांकही तेव्हाच टाका आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा.

पोस्टर लावायचं मनात असेल तर सारांश पाठवायची शेवटची तारीख नोंदणीच्या बरीच आधी असते. त्यासाठी मोठं संशोधन लागत नाही. तुमच्या कॅज्युअल्टीतली महिन्याभराची मोजणीही चालते, पण रुग्णालयाची आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी, मोजणी नंतर. पेशंटचं नाव, चेहरा, केसपेपरचा फोटो यातलं काहीही पोस्टरवर येता कामा नये. अक्षरं एवढी मोठी ठेवा की हातात चहाचा कप घेऊन चार फुटांवरून वाचता येतील. माझं पहिलं पोस्टर वाचायला लोक नाक लावत होते.

गोव्यात म्हणजे नेमकं कुठे?

'स्थळ: गोवा' एवढं वाचून तिकीट काढू नका. सभागृह पणजी-बांबोळीकडे असू शकतं, नाहीतर थेट दक्षिणेला केळशी-बाणावलीच्या हॉटेलात. आधी गाव विचारा, मग स्टेशन ठरवा. म्हापसा आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यांसाठी थिवी, पणजीसाठी करमळी, दक्षिणेसाठी मडगाव. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या तिन्ही ठिकाणी थांबते. २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत करमळीला थांबत नाही, तिला थिवी किंवा मडगावच गाठावं लागतं. विमानतळही दोन आहेत: दाबोळी वास्कोजवळ, मोपा पेडण्यात. मोप्याला उतरून दक्षिणेच्या हॉटेलात जायचं म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा. बेळगावकरांना चोर्ला घाट आहेच. पावसाळ्यात मात्र रात्रीचा प्रवास टाळा, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही.

तारखाही बघा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो, खोल्यांचे भाव चढलेले असतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त असतं, आणि करमळी स्टेशन अगदी त्याला लागून. त्या दिवशी तिथे उतरलात तर बॅग डोक्यावर घेऊन चालायची तयारी ठेवा. नाताळच्या आठवड्याबद्दल न बोललेलं बरं.

इथे ओला-उबर चालत नाही. 'गोवामाइल्स' हे ॲप आहे, नाहीतर भाडं आधी ठरवून टॅक्सी. एकटी सडीफटिंग असाल तर 'पायलट' स्वस्त पडतो; म्हणजे मोटरसायकलवरची टॅक्सी, विमान चालवणारा नव्हे. पणजी-मडगाव मार्गावर कदंबच्या शटल बस आहेत, मध्ये कुठे थांबत नाहीत. गावाकडच्या बस संध्याकाळनंतर कमी होतात, तेव्हा उशिरापर्यंत कार्यक्रम असेल तर परतीची सोय दुपारीच करा. भाड्याची स्कूटर घेतली तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पोलिसांनी अडवलं की दोघांनाही ताप.

बॅगेत काय

सपाट, बंद बूट आणि गुडघ्यावर बसता येईल असे कपडे. सीपीआरच्या (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या) कार्यशाळेला साडी नेसून आलेल्या एका सिस्टरचे हाल मी पाहिलेत. एक शाल घ्या, कारण बाहेर घाम आणि सभागृहात कुडकुडायला होतं. ओळखपत्र, कौन्सिलच्या नोंदणीची झेरॉक्स, वही.

तिथे गेल्यावर

पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. भाषणं इंग्रजीत असली तरी प्रश्न मराठीत किंवा हिंदीत विचारायला लाजू नका, व्यासपीठावर कोणी ना कोणी समजणारं निघतं. सगळी सत्रं ऐकायचा अट्टहास नको. वहीतल्या प्रश्नाशी जुळणारी खूण करून ठेवा, बाकीच्या वेळात पोस्टर बघा. स्टॉलवर फोन नंबर लिहून देण्याआधी विचार करा, पुढे सहा महिने फोन येत राहतात. त्यापेक्षा नवीन इन्फ्यूजन पंप (शिरेतून मोजून औषध देणारं यंत्र) त्यांच्याकडून उघडून, चालवून, अलार्म वाजवून घ्या.

कार्यशाळेत हात मागे ठेवू नका. मोठ्या माणसाच्या सीपीआरचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदल. पंधरा वर्षं हे करत असल्याच्या तोऱ्यात मी मॅनिकिनवर बसले. त्याला छोटे दिवे होते. वेगाचा दिवा हिरवा, खोलीचा हिरवा, तिसरा काही केल्या लालच. प्रशिक्षक ब्रदर (पुरुष नर्स) काही बोलला नाही. त्याने नुसते माझे दोन्ही खांदे धरून हलकेच वर ओढले, आणि दिवा हिरवा झाला. दाबल्यावर मी छातीवरचा भार पूर्ण सोडतच नव्हते, छाती परत वर यायला जागाच देत नव्हते. हे मला कॅज्युअल्टीत कोणीच सांगितलं नव्हतं. तिथे दिवे नसतात.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र भाषणातही मिळालं नाही आणि कार्यशाळेतही नाही. ते चहाच्या रांगेत मिळालं. पुढे उभा असलेला बेळगावचा एक ब्रदर सांगत होता की टुर्निके (रक्तस्राव थांबवायचा आवळपट्टा) बांधला की त्याची वेळ लिहायची सक्ती असते, मग औषधाचीच का नाही? ते लोक पेशंटला ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवरून उतरवण्याआधी एकच प्रश्न विचारतात, "शेवटचं औषध कितीला?" उत्तर मायक्रोपोरच्या (कागदी चिकटपट्टीच्या) पट्टीवर लिहून पट्टी फाईलच्या कव्हरवर चिकटवायची. बास, एवढंच. मी चहा हातात धरून ते वहीत लिहिलं. त्या पानावर अजून डाग आहे.

संध्याकाळ

किनाऱ्यावर जा, कोण नको म्हणतंय? पण जेवणानंतर अंधारात पाण्यात उतरू नका. लाल बावटा असेल तिथे दिवसाही नको. परत खेचणारा प्रवाह पोहणाऱ्यालाही सोडत नाही, आणि बुडालेल्याला आणतात ते आमच्याच दारात. सकाळी पाव-भाजी आणि मिरची भजी खाऊन सत्राला वेळेत या.

परत आल्यावर

प्रमाणपत्रावरचं नाव, क्रमांक, तास तिथल्या टेबलावरच तपासा. घरी पोचल्यावर चूक सापडली तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. आठवड्याच्या आत, हँडओव्हरच्या वेळी दहा मिनिटं मागून घ्या आणि एकच गोष्ट करून दाखवा. स्लाइड्स नकोत, नाईट संपलेल्या माणसाला स्लाइड दाखवणं हा छळ आहे.

मी मायक्रोपोरची पट्टी दाखवली. पहिले चार दिवस सगळ्या हसल्या. पाचव्या दिवशी १०८ ॲम्ब्युलन्सवरच्या ईएमटीने (तिथल्या प्रशिक्षित मदतनीसाने) स्ट्रेचर आत ढकलता ढकलता मी विचारायच्या आतच सांगितलं, "सिस्टर, १०.४० ला दिलंय." आता पट्ट्या नियमित लागतात. मार्कर मात्र दर आठवड्याला गायब व्हायचा, म्हणून तो गॉजच्या पट्टीने काउंटरला बांधून टाकलाय.