'चवथीनंतर बघू' महागात पडतं: गाडीतल्या लिनक्सवर अ‍ॅप बसवताना या चुका टाळा

आमच्या फोंड्याच्या ऑफिसात टेस्ट बेंच म्हणजे एक टेबल. त्यावर बोर्ड, टचस्क्रीन, १२ व्होल्टचा सप्लाय आणि पावसाळ्यात बोर्डाच्या डब्यात टाकलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. चतुर्थीच्या सुट्टीआधी डेमो होता आणि मीडिया अ‍ॅप पेन ड्राइव्हवरची गाणी वाचेना. कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा ते ठरवणारा लिनक्सचा पहारेकरी म्हणजे एसईलिनक्स. एकाने त्याची सक्ती बंद करणारी 'सेटएनफोर्स ०' ही कमांड मारली, गाणी वाजली. बोर्ड रीस्टार्ट केला की पुन्हा तेच, म्हणून कॉन्फिग फाइलमध्येही 'पर्मिसिव्ह' लिहून टाकलं. 'चवथीनंतर बघू.' चवथ झाली, दिवाळी झाली. इमेज (गाडीत भरायचं तयार सॉफ्टवेअर) बाहेर जायच्या दोन दिवस आधी मी सहज 'गेटएनफोर्स' मारून पाहिलं, उत्तर आलं पर्मिसिव्ह. म्हणजे एसईलिनक्स कशालाच अडवत नव्हतं, नुसत्या नोंदी करत बसलं होतं.

मूळ दोष शोधायला वीस मिनिटं लागली. नवी बायनरी (प्रोग्रामची चालणारी फाइल) आधी टेम्प फोल्डरमध्ये कॉपी केली होती आणि तिथून 'एमव्ही'ने जागेवर हलवली होती. एसईलिनक्स प्रत्येक फाइलवरचं लेबल बघून निर्णय घेतं, आणि एमव्ही फाइलचं जुनं लेबल तसंच ठेवतं. 'सीपी'ने कॉपी केलं असतं तर नव्या फोल्डरचं लेबल लागलं असतं. चुकीच्या लेबलमुळे अ‍ॅप स्वतःच्या डोमेनमध्ये (परवानग्यांच्या कुंपणात) शिरलंच नाही, सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्याच डोमेनमध्ये चालत राहिलं. तेव्हा लॉगमध्ये 'एव्हीसी डिनाइड' (एसईलिनक्सने नकार दिल्याची नोंद) दिसलं की आधी त्या ओळीतला 'एस-कॉन्टेक्स्ट' (मागणी कुणी केली ते) वाचा. तिथे तुमच्या अ‍ॅपचं डोमेन नसेल तर पॉलिसीला (एसईलिनक्सच्या नियमांना) हात लावू नका. 'एलएस -झेड'ने लेबल बघा आणि ठरलेलं लेबल परत लावणारं 'रीस्टोअरकॉन' चालवा.

इथे बहुतेक जण 'ऑडिट-टू-अलाउ' चालवून जो नियम निघेल तो चिकटवून मोकळे होतात. आमच्या बाबतीत त्याने सिस्टमडीच्या डोमेनलाच पेन ड्राइव्ह उघडून दिला असता. ते अवजार नकाराचं परवानगीत भाषांतर करतं, नकार योग्य होता की नाही हे त्याला कळत नाही.

ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्सवर (गाड्यांसाठी बनवलेल्या लिनक्सवर) काम करत असाल तर आणखी एक सांगतो. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत अ‍ॅपच्या परवानग्या स्मॅक आणि सायनारा ही जोडी सांभाळायची. नेटवर अजून त्याच काळातल्या पायऱ्या सापडतात. त्या नव्या इमेजवर लागू पडत नाहीत, त्यात दिवस घालवू नका.

आता कॅन बसकडे, म्हणजे इंजिन-ब्रेकसारखे गाडीचे भाग ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात तिकडे येऊ, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. 'आपलं अ‍ॅप रूट (सर्वाधिकारी यूजर) नाही, मग ते कॅनवर काय लिहिणार?' बेंचवर साध्या यूजरने लॉगिन करून 'कॅनसेंड' मारून बघा. फ्रेम (कॅनवरचा संदेश) आरामात जाते. साध्या नेटवर्कवर रॉ सॉकेट उघडायला खास अधिकार लागतो, कॅनशी बोलायच्या लिनक्सच्या सॉकेटकॅनमध्ये लागत नाही. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये भोक सापडलं आणि हेड युनिटला (डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमागच्या संगणकाला) कॅन जोडलेला असला, तर मध्ये फक्त संदेश गाळणारा गेटवे उरतो. उपाय सोपा आहे. अ‍ॅपच्या सिस्टमडी युनिटमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) 'रिस्ट्रिक्ट-अ‍ॅड्रेस-फॅमिलीज' लिहा आणि त्यात युनिक्स, आयपीव्ही४, आयपीव्ही६ एवढंच ठेवा. मग त्या अ‍ॅपला कॅनचं सॉकेट उघडताच येत नाही. गाडीचा वेग खरंच हवा असेल तर कॅन वाचणारी एक वेगळी सर्व्हिस ठेवा आणि अ‍ॅपला तिच्याकडून तेवढाच आकडा द्या.

अशा सर्व्हिसशी बोलणं बहुधा डी-बसवरून (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेवरून) होतं, आणि तिथे 'सगळ्यांना अलाउ' ही ओळ डेमोच्या घाईत हमखास शिरते. २०१५ सालची जीप चेरोकीची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. चार्ली मिलर आणि ख्रिस वालासेक या सुरक्षा संशोधकांना त्या गाडीची डी-बस मोबाइल नेटवर्कवर ६६६७ पोर्टवर उघडी सापडली. पासवर्ड नाही, काही नाही. पण तेवढ्याने त्यांना कॅनवर लिहिता आलं नाही. त्यासाठी त्यांनी शेजारच्या चिपचं फर्मवेअर बदललं, आणि ती चिप नव्या फर्मवेअरची सही तपासत नव्हती म्हणून ते चढलं. सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोन्ही भोकं एकेकटी असती तर गोष्ट बरीच छोटी राहिली असती.

घड्याळाचा दोष मात्र आमच्या इथल्या विजेने दाखवला. पावसात रात्री लाइट गेली, सकाळी बोर्ड चालू केला तर अपडेट सर्व्हरचं सर्टिफिकेट 'अजून वैध नाही'. तारीख मागे गेली होती, कारण बोर्डावर घड्याळाची बॅटरीच नव्हती. अशा वेळी कोडमध्ये सर्टिफिकेट तपासणी बंद करायचा मोह होतो, आणि एकदा बंद केलेली तपासणी पुन्हा चालू करायची आठवण कुणाला राहत नाही. वेळ जुळवणारा टाइमसिंकडी शेवटची वेळ एका फाइलमध्ये जपून ठेवतो. आमची रूट फाइलसिस्टम रीड-ओन्ली होती आणि ते फोल्डर रॅममध्ये होतं, म्हणून ती फाइल दर वेळी पुसली जायची. कायम टिकणाऱ्या पार्टिशनवर फोल्डर हलवलं, प्रश्न सुटला.

इमेज बांधणाऱ्या योक्टोच्या ५.२ आधीच्या आवृत्त्यांतलं 'डीबग-ट्वीक्स' हे टेस्टिंगच्या सोयीचं सेटिंग रिलीजच्या इमेजमध्ये राहिलं तर रूटला पासवर्डच नसतो. बोर्ड सुरू करणाऱ्या यू-बूटचा 'बूट-डिले' ० ठेवला तरी की दाबून बूट अडवता येतं. अडवायचं दार बंद करायला तो -२ लागतो.

शेवटची चूक गोव्यात जास्त दिसते. मोपा विमानतळावरून काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली रेंटची गाडी घेतली, फोन जोडायला स्क्रीन उघडली, तर आधीच्या पर्यटकाच्या आई-बाबांपासून डॉक्टरपर्यंत सगळे नंबर समोर. रेंटवाल्या पोराने माझ्यासमोरच रीसेट केलं होतं. रीसेटने फोनची जोडणी पुसली, कॉन्टॅक्ट्स मात्र अ‍ॅपने आपल्याच डेटाबेसमध्ये वेगळे ठेवले असणार. तुमचं अ‍ॅप असं काही साठवत असेल तर बेंचवर एखादा वेगळ्याच नावाचा कॉन्टॅक्ट टाका, फॅक्टरी रीसेट करा, आणि मग संपूर्ण डेटा पार्टिशनवर ते नाव 'ग्रेप'ने शोधा.