एका रेणूतून वीज आणि उष्णता: मोजायची कशी, वाचायची कशी

सोन्याचं अणकुचीदार टोक सोन्याच्याच पातळ थरात हलकेच रुतवायचं आणि सावकाश मागे ओढायचं. ओढताना मधला सांधा बारीक होत जातो, एका अणूवर येतो आणि तुटतो. त्या क्षणी द्रावणातला एखादा रेणू दोन्ही बाजूंना चिकटलेला असला, तर विजेला तेवढाच एक पूल उरतो. शू आणि ताओ या संशोधकांनी २००३ साली मांडलेली ही पद्धत. नव्याने शिकणाऱ्याला मी आजही इथूनच सुरुवात करायला लावतो.

रेणू घालायची घाई करू नका. आधी नुसत्या द्रावकात ओढा. ओढताना वाहकता कशी बदलते याच्या आलेखावर तुटण्याआधी ७७.५ मायक्रोसीमेन्सची, म्हणजे १२.९ किलोओहम रोधाची, पायरी दिसलीच पाहिजे. सोन्याच्या एका अणूच्या सांध्याची ही वाहकता, म्हणजेच वाहकतेचा पुंज (क्वांटम), प्रयोगशाळेतला ‘जी-नॉट’. ही पायरी ठळक येत नसेल तर टोक बदला, थर बदला. पुढे जाऊ नका. पायरीनंतर फट उघडते आणि लॉग मापावर रेष सरळ खाली उतरते. मध्ये कुठे रेंगाळली, तर काहीतरी आधीच चिकटलेलं आहे. द्रावक ध्रुवीय असेल तर आयनांमुळे प्रवाह गळतो. मग टोकाचा अगदी शेंडा सोडून बाकी भागावर मेण चढवावं लागतं.

आता रेणू. दोन्ही टोकांना थिऑल (गंधकाचा गट) असलेले रेणू सोन्याला घट्ट धरतात, पण धरण्याच्या तऱ्हा अनेक, त्यामुळे हिस्टोग्राममधलं, म्हणजे कोणती वाहकता किती वेळा आली हे दाखवणाऱ्या आलेखातलं, शिखर पसरतं. अमाइनचा (नायट्रोजनच्या गटाचा) बंध कमजोर, तरी शिखर नेटकं येतं. म्हणून माझा कौल पहिल्या प्रयोगासाठी अमाइनला: १,४-डायअमिनोबेंझिन घ्या, शिखर ०.००६ जी-नॉटच्या आसपास शोधा. काही हजार वेळा ओढा आणि सगळेच आलेख हिस्टोग्राममध्ये घाला. ‘चांगले दिसणारे’ तेवढे निवडू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण निवडलेल्या आलेखांतून हवं ते शिखर उभं करता येतं, आणि मग ते रेणूचं आहे की आपल्या नजरेचं, हे कुणालाच सांगता येत नाही.

फटीची लांबी वाचताना एक भर धरा. सोनं तुटताच दोन्ही टोकं मागे सरकतात, त्यामुळे खरी फट ओढलेल्या अंतरापेक्षा अर्ध्या नॅनोमीटरने जास्त असते.

विजेचं मापन हाताला बसलं की उष्णतेकडे या. इथे मामला फार नाजूक आहे. मिशिगन विद्यापीठात रेड्डी आणि मायहोफर यांच्या गटाने २०१९ मध्ये अल्केनडायथिऑलची (दोन्ही टोकांना थिऑल असलेल्या कार्बनच्या साखळीची) मोजणी प्रसिद्ध केली: एका रेणूची उष्णतावाहकता साधारण २० पिकोवॉट प्रति केल्विन. दोन इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे टोक आणि थर यांच्या तापमानात, २० केल्विनचा फरक ठेवला तरी वाहणारी उष्णता अवघी ४०० पिकोवॉट. एका आलेखात ती गोंगाटात बुडते. म्हणून हवा काढून निर्वातात काम करायचं, टोकाला प्लॅटिनमचा तापमापक जोडायचा, आणि शेकडो आलेख सांधा तुटण्याच्या क्षणावर एकमेकांशी जुळवून त्यांची सरासरी घ्यायची. तो क्षण सांगतो विद्युतप्रवाह; वीज आणि उष्णता एकाच वेळी नोंदवायची ती यासाठीच. सरासरीत उरलेल्या पायरीची उंची तापमानातल्या फरकाने भागली की उत्तर मिळालं.

ते वाचायचं कसं, यात खरी गंमत आहे. धातूत इलेक्ट्रॉन वीज आणि उष्णता ठरावीक प्रमाणात वाहून नेतात, हा वीडेमान-फ्रान्झ नियम. त्याने एका जी-नॉटला ३०० केल्विनवर सुमारे ५६७ पिकोवॉट प्रति केल्विन उष्णता जायला हवी, आणि सोन्याच्या एका अणूच्या सांध्यावर २०१७ मध्ये नियम जुळलाही. पण रेणूची विद्युतवाहकता जी-नॉटच्या हजाराव्या भागाइतकी असली, तर त्याच नियमाने जेमतेम अर्धा पिकोवॉट प्रति केल्विन येतो. मोजलेले २० कुठून आले? अणूंच्या कंपनांतून, म्हणजे फोनॉनमधून. अल्केनची साखळी दोन कार्बनवरून दहावर नेली की विद्युतवाहकता हजारपटीहून अधिक घसरते, उष्णतावाहकता जवळपास तिथेच राहते. तेव्हा रेणूची उष्णता त्याच्या विजेवरून काढू नका, ती मोजाच.

मोजताना विद्युतदाबावर लक्ष ठेवा. जी-नॉटच्या हजाराव्या भागाच्या रेणूवर १०० मिलिव्होल्ट लावलेत तर ७७५ पिकोवॉट उष्णता त्या सांध्यातच तयार होते. तिचा निम्मा वाटा गरम बाजूला गेला, तर सांधा तुटताना तो नाहीसा होतो आणि आपल्या ४०० पिकोवॉटची पायरी जवळपास पुसून टाकतो. दाब १० मिलिव्होल्टवर आणा; ही उष्णता शंभरपट कमी होते. मग दाब आणखी निम्मा करून पुन्हा मोजा. पायरी तेवढीच राहिली, तरच तो आकडा वहीत लिहा.