बीटलच्या मॅग्नेशियम इंजिनकेसचा गंज कसा रोखायचा

फोक्सवॅगन बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनचं केस (बाहेरचं मुख्य कवच) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. १९६८ ते १९७७ मधल्या बहुतेक पोर्शे ९११ चंही तसंच. शंका असेल तर कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका: मॅग्नेशियमवर लगेच फेस येतो, ॲल्युमिनियमवर येत नाही. थेंब लगेच धुऊन पुसा.

केस पॉलिश करून उघडं चकचकीत ठेवायचा मोह होतो. तो सोडा. नुसत्या धातूवर मारलेल्या क्लिअर लॅकरखाली गंजाच्या पांढऱ्या रेघा सरपटत जातात. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर लवकरच.

सफाईत बहुतेक जण चुकतात. स्टीलचा तारेचा ब्रश किंवा स्टील वूल वापरू नका. लोखंडाचे कण धातूत रुततात आणि प्रत्येक कणाभोवती खड्डा पडतो. नायलॉनचा ब्रश किंवा लाल स्कॉच-ब्राइट घ्या. ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने मणी मारून सफाई) करायचं तर नवे काचेचे मणी हवेत. आधी स्टीलच्या कामाला वापरलेले चालणार नाहीत. गंज काढायची ॲसिडं टाळा. कॉस्टिक सोड्याचं द्रावण (लिटरला ५० ग्रॅम) मात्र चालतं, कारण अल्कलीत मॅग्नेशियम टिकतं. तेच द्रावण ॲल्युमिनियम खातं, म्हणून ऑइल गॅलरीचे (केसमधल्या तेलाच्या वाटांचे) ॲल्युमिनियम प्लग आणि बेअरिंग आधी काढा. हातमोजे आणि गॉगल हवेतच.

स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, गॅलरीत हवा मारा आणि ११० अंशांवर तासभर सुकवा. कास्टिंगच्या छिद्रांत ओल राहिली तर रंग फुगतो. घासलेला भुगा साठू देऊ नका; पेटला तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची.

सगळ्यात पक्का पाया क्रोमेट कन्व्हर्जन कोटिंगचा, म्हणजे रसायनाने धातूवरच तयार केलेल्या संरक्षक थराचा. पण त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे, ते काम प्लेटिंगवाल्याकडेच द्या. घरी करायचं तर सुकवल्यावर त्याच दिवशी टू-पॅक (दोन भाग मिसळून वापरायच्या) इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात आणि वर उष्णता सोसणारा रंग. जाड थर देऊ नका, केसमधून उष्णता बाहेर पडायला हवी. केसचे जोड, बेअरिंगच्या जागा आणि सिलिंडर बसतात ती तोंडं रंग लागू नये म्हणून टेपने झाका; आत तेलच राखण करतं.

रंगाइतकंच लक्ष बोल्टांकडे द्या. ओल असली की स्टील, पितळ, तांबं यांच्या सान्निध्यात मॅग्नेशियमचाच बळी जातो. स्टेनलेसचे बोल्ट दिसतात छान, पण इथे नकोत. झिंक प्लेटिंगचे वापरा. पत्रे आणि कव्हरं बसवताना बोल्टाखाली ५०५२ किंवा ६०६१ ग्रेडच्या ॲल्युमिनियमचा, डोक्यापेक्षा मोठा वॉशर घाला. केसच्या मुख्य नटांखाली मात्र तो नको, मऊ वॉशर दबून टॉर्क (नट आवळल्याचा ताण) उतरतो. तिथे नट आवळल्यावर कडेने प्रायमर लावा. बाहेरून वॅक्सचा फवारा मारा. दगडाने रंग उडाला असेल तर तिथला धातू स्कॉच-ब्राइटने घासून प्रायमर लावा, नुसता वरचा रंग फासू नका.