कंटेनरमधलं डेटा सेंटर थंड कसं ठेवावं: पुण्याच्या हवेपुरतं मार्गदर्शन

चाकणचा कारखाना असो, कॉलेजामागची मोकळी जागा असो की बांधकामाची साइट, सर्व्हरसाठी पक्की खोली बांधण्यापेक्षा न्हावा शेवाहून आलेला एखादा जुना कंटेनर आणून ठेवू, हा विचार सहज सुचतो. कल्पना जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ साली ‘प्रोजेक्ट ब्लॅकबॉक्स’ नावाने २० फुटी कंटेनरमधलं डेटा सेंटर दाखवलं होतं. पण त्या डब्याला बाहेरून गार पाणी पुरवावं लागे, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. नुसता डबा काहीच थंड करत नाही. उन्हात ठेवलेला पोलादी डबा काय करतो, ते पुण्यात कुणाला सांगायला नको.

खालचा सगळा हिशोब २० फुटी कंटेनर आणि आत १० किलोवॅटचे सर्व्हर, असं धरून केला आहे. तुमचा आकडा वेगळा असेल तर सर्व्हरचा वाटा त्याच पटीत बदला.

आधी उष्णतेचा हिशोब

सर्व्हरने घेतलेली वीज जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. १० किलोवॅट आत गेली की १० किलोवॅट उष्णता काढावी लागते, दिवसा आणि रात्रीही. त्यात यूपीएस, पंखे आणि दिवे यांचा मिळून १ किलोवॅट धरा.

आता उन्हाचा वाटा. २० फुटी कंटेनरचं छत सुमारे १५ चौरस मीटर आणि चारही बाजू मिळून ४४ चौरस मीटर भरतात. मे महिन्याच्या दुपारी गडद रंगाचं छत ७० अंशांच्या आसपास तापतं. पत्रा तसाच उघडा ठेवला तर छत आणि भिंती मिळून ६ किलोवॅटच्या घरात उष्णता आत ढकलतात. आतून ५० मिलिमीटर पफ (पॉलियुरेथेन फोम) मारला की तीच ६०० वॅटवर येते. म्हणजे इन्सुलेशनमुळे दीड टनाचा एसी वाचतो, आणि ही बचत मोठी आहे. मात्र सर्व्हरच्या १० किलोवॅटमधला एक वॅटसुद्धा त्याने कमी होत नाही. ‘जाड इन्सुलेशन करतो, मग एसी छोटा चालेल’ असं म्हणणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवावेत. ५० च्या जागी १०० मिलिमीटर केल्याने आणखी जेमतेम ३०० वॅट वाचतात आणि आतली जागा जाते. माझ्या मते ५० पुरे.

जागा, दिशा आणि सावली

कंटेनरची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारनंतरचं तिरपं ऊन मुख्यतः अरुंद बाजूवर पडेल. छताला मात्र सुटका नाही. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य पुण्याच्या अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे छतापासून फूट-दीड फूट वर दुसरा पत्रा उभारा. तो चारही बाजूंनी मोकळा हवा आणि भिंतींच्या बाहेर दोन-तीन फूट यायला हवा. सगळ्या कामात सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा देणारी गोष्ट हीच, आणि पावसाचा माराही तीच अडवते. खालच्या छताला पांढरा परावर्तक रंग द्या.

डबा जमिनीवर टेकवू नका. दीड फूट उंचीच्या काँक्रीटच्या चौथऱ्यांवर ठेवा. खालून हवा खेळते, पाणी साचत नाही. केबलच्या प्रत्येक भोकाला ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) आणि जाळी लावा, कारण उंदरांना केबलचं आवरण आवडतं.

इन्सुलेशन: पत्र्याला घाम फुटू देऊ नका

ऊन अडवणं हे इन्सुलेशनचं सोपं काम. ओल अडवणं अवघड. जानेवारीच्या पहाटे पुण्यात पारा १० अंशांपर्यंत उतरतो तेव्हा पोलादी पत्रा गार पडतो, आणि आतली उबदार हवा त्याला लागली की आतल्या बाजूने पाणी धरतं. जुलैत उलटं होतं. बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो, २१-२२ अंशांवर असतो, त्यामुळे फटीतून आत शिरलेली हवा जिथे त्याहून गार पृष्ठभाग सापडेल तिथे पाणी सोडते. एसीची जाळी, थंड हवेचा डक्ट, पत्र्यातून आरपार गेलेला बोल्ट, कुठेही.

म्हणून काचलोकर (ग्लासवूल) भिंतीत भरू नका. स्वस्त मिळते, पण ओल धरली की खाली बसते आणि मागे रिकामी जागा राहते, तिथेच गंज सुरू होतो. बंद पेशींचा स्प्रे पफ थेट पत्र्यावर मारून घ्या. तो कंटेनरच्या नागमोडी पत्र्याला चिकटतो, मध्ये हवेला जागाच उरत नाही. त्याआधी गंज खरवडून प्रायमर द्यायचा. प्रायमर वाळायच्या आत पफ मारायची घाई ठेकेदार करेल, ती करू देऊ नका. पफ पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून त्यावर सिमेंट बोर्ड किंवा पत्र्याचं अस्तर हवंच. आगीची धास्ती जास्त असेल तर आतून रॉकवूल भरलेली सँडविच पॅनेल उभारा. त्यांचे सगळे सांधे सील करणं तेवढंच महत्त्वाचं.

अस्तराचे स्क्रू कंटेनरच्या पत्र्यात थेट मारू नका. मध्ये लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या घ्या, नाहीतर प्रत्येक स्क्रूपाशी एकेक थेंब दिसेल. मूळ दोन फळ्यांची दारं बाहेरच्या सुरक्षेपुरती ठेवा आणि आत पफ भरलेलं वेगळं दार बसवा.

आतली मांडणी

कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर. इन्सुलेशन आणि अस्तर झाल्यावर २.२ उरते. सर्व्हरचा रॅक, म्हणजे एकावर एक सर्व्हर बसवायची मांडणी, १ ते १.२ मीटर खोल असतो. तो मधोमध लावला तर पुढे-मागे अर्धा-अर्धा मीटर राहतो, आणि सर्व्हर पूर्ण बाहेर ओढता येत नाही. अशा वेळी रॅकची रांग एका बाजूला सरकवा, पुढची थंड बाजू ८० सेंटिमीटर ठेवा, आणि मागच्या गरम बाजूसाठी कंटेनरच्या लांब भिंतीतच दारं कापून घ्या. कापलेल्या जागेभोवती चौकट वेल्ड करायची, कारण कंटेनरची ताकद त्या नागमोडी भिंतींतही असते.

थंड आणि गरम हवा कुठेही मिसळता कामा नये. रॅकच्या वरून छतापर्यंत आणि दोन्ही टोकांना पडदे किंवा पॉलिकार्बोनेट लावा, रॅकमधल्या रिकाम्या खणांना झाकणाच्या पट्ट्या (ब्लँकिंग पॅनेल) मारा. हे खण उघडे राहिले की गरम हवा मागून पुढे वळते आणि वरचे सर्व्हर तापतात. मग लोक एसी आणखी खाली आणतात, आणि बिल वाढतं.

१० किलोवॅटसाठी, सर्व्हरमधून जाताना हवा १२ अंशांनी तापते असं धरलं तर ताशी सुमारे २,७५० घनमीटर, म्हणजे १,६०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास हवा फिरायला हवी. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ. मुंबईच्या माणसाने काढलेला पंख्यांचा हिशोब तेवढा वाढवून घ्या.

गारव्याची यंत्रं

एकूण १२ किलोवॅट, आणि १ टन म्हणजे ३.५ किलोवॅट, असं धरून साडेतीन टन येतात. दोन टनांची दोन यंत्रं कागदावर पुरतात. पण एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या दुपारी, तापलेल्या भिंतीलगतच्या आउटडोअर युनिटकडून तेवढं काम होत नाही. तीन बसवा. एक बंद पडलं तर उरलेली दोन जेमतेम तगतील. आउटडोअर युनिटं उत्तरेच्या बाजूला, सावलीत, आणि एकाची गरम हवा दुसऱ्यात शिरणार नाही अशी लावा.

तापमान किती ठेवावं? अमेरिकेतल्या ‘अॅश्रे’ या संस्थेने सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सुचवले आहेत. आपल्याकडे रिमोट हातात आला की आकडा १८ वर जातो. २४-२५ वर ठेवा. वीज वाचते, आणि पावसाळ्यात आतले पृष्ठभाग दवबिंदूच्या वर राहतात. हे कारण मला विजेच्या बिलापेक्षाही मोठं वाटतं.

कूलरचं काय, असं कुणीतरी विचारणारच. मेच्या कोरड्या दुपारी ४० अंशांची हवा ओल्या पॅडमधून काढली तर २५-२६ अंशांपर्यंत खाली येते. जुलैत तेच पॅड हवा जेमतेम दोन-तीन अंश गार करतं, वर ओल आत आणतं. त्यामुळे कूलर मुख्य यंत्र होऊ शकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री बाहेरची हवा गाळून आत घेणं मात्र फायद्याचं, फिल्टर चांगले असतील तर. बांधकामाची धूळ असलेल्या भागात हा नाद सोडा. नाल्याजवळ तर नक्कीच, कारण तिथल्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांबं आणि चांदी खातो.

एका रॅकमध्ये २५-३० किलोवॅट भरायचे असतील तर हवेच्या मागे लागू नका. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकाला द्रवाने थेट थंड करतात. त्या वाटेवर पाणी, पंप आणि गळती यांचं वेगळं शास्त्र आहे.

वीज गेली की

महावितरणचा गुरुवार (देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार) आठवून ही तयारी करा. यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात आणि एसी बंद पडतो. एवढ्याशा जागेत हवा काही मिनिटांतच धोक्याच्या पातळीला जाते. जनरेटर सुरू झाला तरी कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटं थांबूनच पुन्हा चालतो. वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा एसीच घ्या, आतले पंखे यूपीएसवर टाका, आणि ३५ अंशांना बिनमहत्त्वाचे सर्व्हर आपोआप बंद होतील अशी सोय करून ठेवा. लेड-अॅसिड बॅटऱ्या रॅकच्या गरम बाजूला अजिबात नकोत. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं.

आगीसाठी कार्बन डायऑक्साइडची आपोआप सुटणारी यंत्रणा लावू नका. बंद डब्यात माणूस असेल तर जीवावर बेतेल. एफएम-२०० सारखा क्लीन एजंट (उपकरणं खराब न करता आग विझवणारा वायू) आणि धुराचा सेन्सर घ्या.

सर्व्हर आणण्याआधीची चाचणी

तपकीर गल्लीतून (पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार) २ किलोवॅटचे पाच हीटर आणा आणि रॅकच्या जागी मांडा. प्रत्येकाला स्वतंत्र सर्किट, आणि कुणीतरी सतत लक्ष ठेवून. रॅकच्या तोंडाशी खाली, मध्ये आणि वर एकेक तापमापक लटकवा. एसीच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, तो एसीजवळची हवा सांगतो. दुपारी बारा ते पाच चालवा, मग एक एसी बंद करून तासभर पाहा, मग मेन स्विच पाडून किती मिनिटांत ३५ अंश होतात ते घड्याळ लावून लिहून ठेवा. वरच्या आणि खालच्या तापमापकात तीन-चार अंशांहून जास्त फरक दिसला तर हवा कुठेतरी मिसळते आहे. पडदे तपासा.

पहिल्या जोरदार पावसानंतर दार उघडून अस्तराचे सांधे, केबलच्या ग्लँड आणि डक्टची खालची बाजू हाताने चाचपा. एसीच्या पाण्याच्या नळीला यू-आकाराचा वळसा आहे का तेही त्याच वेळी पाहा, कारण तो नसेल तर त्याच नळीतून दमट हवा आत ओढली जाते. दिवाळीनंतर हवेचे फिल्टर बदला, फटाक्यांची काजळी धुऊन निघत नाही.